अंग ठणकतंय ते कष्टानं, तापानं की गोळीनं? स्नायूंना अचानक सूज आली की डॉक्टर कारण कसं शोधतात

उसाची मोळी डोक्यावर घ्यायची, फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, मोळी टाकून उतरायचं आणि परत दुसरी उचलायची. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हंगाम सुरू झाला की पहाटेपासून हेच दृश्य दिसतं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. एवढे कारखाने ज्या पट्ट्यात आहेत, तिथं अंग दुखणं ही काही बातमी नाही. तोडणी कामगाराचं दुखतं, रात्री उसाला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याचं दुखतं आणि भरतीच्या तयारीसाठी मैदानावर पळणाऱ्या पोरांचंही दुखतं.

अडचण इथूनच सुरू होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा गावातल्या दवाखान्यात दिवसाला कितीतरी पेशंट ‘अंग ठणकतंय, एक सुई द्या’ म्हणत येतात. त्यातल्या बहुतेकांना दोन दिवसांची विश्रांती पुरते. पण एखाद्याच्या स्नायूंना खरोखर सूज आलेली असते, स्नायू आतून फुटत असतात, आणि त्याची किंमत किडनीला मोजावी लागू शकते. बाहेरून दोघंही सारखेच दिसतात. मग डॉक्टर फरक कसा ओळखतात?

आधी शब्द समजून घेऊ. स्नायूंचा दाह होतो तेव्हा वैद्यकीय भाषेत त्याला मायोसायटिस म्हणतात. स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटून आतला माल रक्तात सांडला, तर त्याला रॅबडोमायोलिसिस म्हणतात. नाव अवघड आहे, पण प्रकार साधा आहे. पेशी फुटली की आतलं पोटॅशियम, मायोग्लोबिन नावाचं प्रथिन आणि सीके नावाचं एन्झाइम रक्तात येतं. आपल्याकडच्या लॅबमध्ये या एन्झाइमच्या टेस्टला ‘सीपीके’ म्हणतात. मायोग्लोबिन किडनीत अडकतं आणि पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ढिगाऱ्याखाली काही तास अडकलेली माणसं बाहेर काढल्यावर आधी ठीक वाटायची आणि मग काही दिवसांत किडनी बंद पडून दगावायची. एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील या डॉक्टरांनी १९४१ मध्ये अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि चेचलेला स्नायू किडनी मारू शकतो ही गोष्ट डॉक्टरांच्या नीट लक्षात आली.

दुखतंय की ताकदच गेलीय?

डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि पेशंट इथेच सगळ्यात जास्त गोंधळतो. ‘पायात जीवच नाही’ असं माणूस दोन्ही वेळा म्हणतो. दुखतंय म्हणून पाय उचलत नाही ही एक गोष्ट आणि दुखत नसूनही पाय उचलला जात नाही ही दुसरी.

हे तपासायला मशीन लागत नाही. जमिनीवर उकिडवं बसवून हाताचा आधार न घेता उठायला सांगायचं. हात डोक्यावर नेऊन केस विंचरल्यासारखं करायला लावायचं. बायकांना विचारायचं, हंडा डोक्यावर चढवता येतो का? मांड्या आणि खांद्यांचे मोठे स्नायू कमजोर झाले असतील तर इथं लगेच कळतं. मग पोटरी आणि मांडी दाबून बघायची. सूज आलेला स्नायू दाबला की माणूस कळवळतो. सांध्याचं दुखणं असेल तर स्नायू दाबून फारसं काही होत नाही, पण गुडघा किंवा घोटा हलवला की तोंड वाकडं होतं.

आणि मग येतो गुडघ्यावर टिचकी मारायचा छोटा हातोडा. बऱ्याच दवाखान्यांत तो ड्रॉवरमध्ये धूळ खात पडलेला असतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, खडकवासला या भागात गिया बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण वाढले तेव्हा या हातोड्याचं महत्त्व परत कळलं. जीबीएसमध्ये स्नायू ठीक असतो, त्याला हुकूम देणारी नस बिघडते. पायांपासून वर चढत जाणारा अशक्तपणा येतो, मुंग्या येतात, आणि हातोडा मारला तरी गुडघा उडत नाही. स्नायूंच्या सुजेत साधारणपणे गुडघा उडतो. बऱ्याच जीबीएस रुग्णांना सुरुवातीला पाठ आणि पाय दुखतात, त्यामुळे पहिल्या दिवशी तो ‘अंगदुखी’चाच पेशंट वाटतो. त्याला वेदनाशामक देऊन घरी पाठवलं आणि दोन दिवसांनी श्वास घ्यायचे स्नायू थकले, तर गाठ व्हेंटिलेटरशी आहे.

लघवीचा रंग

कुणीही आपणहून सांगत नाही, म्हणून विचारावा लागतो. लघवी काळ्या चहासारखी किंवा कोल्ड्रिंकसारखी झाली आहे का? तोडणीवरच्या कामगाराला विचारलं तर ‘ऊन लागलंय, पाणी कमी पडलंय’ हे उत्तर ठरलेलं. तेही खरं असतं. पण पाणी कमी पडल्यावर लघवी गडद पिवळी होते, तपकिरी नाही.

इथं एक साधी पट्टी कामाला येते. लघवीत बुडवायची ती पट्टी, जी साखर आणि प्रथिनं बघायला वापरतात, तिच्यावर रक्ताचाही एक रकाना असतो. पट्टी सांगते ‘रक्त आहे’, पण मायक्रोस्कोपखाली बघितलं तर लाल पेशी जवळपास नसतातच. कारण पट्टीला रक्तातलं हिमोग्लोबिन आणि स्नायूतलं मायोग्लोबिन यातला फरक कळत नाही. हा विरोधाभास दिसला की स्नायू फुटत असल्याचा संशय घ्यायचा आणि सीपीके पाठवायचं. पट्टी निगेटिव्ह आली म्हणून मात्र निश्चिंत होता येत नाही. मायोग्लोबिन काही तासांत शरीराबाहेर जातं, सीपीके मात्र दोन-तीन दिवस चढत राहतं.

सीपीके किती आलं तर घाबरायचं? सर्वसाधारण मर्यादा २०० युनिटच्या आसपास धरली जाते. कष्टाचं काम करणाऱ्या माणसाचं ते एरवीही थोडं जास्त असतं. स्नायूत इंजेक्शन घेतलं तरी वाढतं, म्हणजे कंबरेत सुई मारून मग रक्त घेतलं तर आकडा थोडा फसवा येऊ शकतो. १,००० च्या वर गेलं की रॅबडोमायोलिसिस धरतात आणि ५,००० ओलांडलं की किडनीचा धोका वाढतो.

आणखी एक फसगत आहे. अशा पेशंटच्या रिपोर्टमध्ये एसजीओटी आणि एसजीपीटी वाढलेलं दिसतं. घरचे म्हणतात कावीळ झाली, मग कुणीतरी काविळीचं झाडपाल्याचं औषध आणून देतं. पण ही दोन्ही एन्झाइम्स स्नायूतही असतात. एसजीओटी जास्त, एसजीपीटी त्यापेक्षा कमी, बिलिरुबिन नॉर्मल, असं चित्र असेल तर लिव्हरच्या आधी स्नायूंकडे बघायला हवं.

पळण्यानं असं होतं का?

होतं. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. बारामतीत भरतीपूर्व प्रशिक्षण देणाऱ्या अकॅडमी भरपूर आहेत. गावाकडून आलेला, महिनाभर पुस्तकं घेऊन बसलेला पोरगा पहिल्याच दिवशी शंभर बैठका आणि दहा राऊंड मारतो, तेही एप्रिलच्या उन्हात. सवय नसलेल्या स्नायूंवर अचानक भार, वर उष्णता, वर पाण्याची कमतरता, ही तिन्ही एकत्र आली की स्नायू फुटतात. तालमीत नव्यानं उतरलेल्या पोराचं तसंच. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येणं नेहमीचंच. पण तिसऱ्या दिवशीही मांड्या टणक, सुजलेल्या, जिना उतरता येत नाही आणि लघवी तपकिरी असेल तर तो ‘पहिल्या दिवसाचा त्रास’ राहिलेला नाही.

आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असा मुक्काम करत जाते. बेलवाडी आणि इंदापूरला रिंगण होतं. वाटेवरच्या आरोग्य पथकांकडे पाय दुखण्याच्या तक्रारी अमाप येतात. वारकरी रोज चालणारे असतात, त्यामुळे नुसत्या चालण्यानं त्यांचे स्नायू सहसा फुटत नाहीत. त्यांच्यात बघायचं असतं ते ताप आहे का, आणि बीपी-शुगरसोबत आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत. त्या गोळ्यांकडे पुढे येऊच.

ताप असेल तर

पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी एकत्र आली की डेंग्यू, चिकुनगुनिया, फ्लू, लेप्टोस्पायरोसिस, सगळेच रांगेत उभे असतात. या भागाला चिकुनगुनिया नवा नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९७३ मध्ये त्याची मोठी साथ आली होती. त्यानंतर तीसेक वर्षं देशात हा आजार जवळपास विसरला गेला आणि २००५-०६ मध्ये परत उसळला.

नुसत्या लक्षणांवरून किती फसायला होतं याचं उदाहरण फार लांबचं नाही. जेजुरीजवळचं बेलसर, बारामतीला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यातलं गाव. २०२१ च्या जुलैत तिथं तापाचे रुग्ण वाढले. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत गेले. चिकुनगुनिया सापडला. पथकानं गावात येऊन आणखी नमुने घेतले तेव्हा त्यात काही डेंग्यूही निघाले आणि एका महिलेला चिकुनगुनियासोबत झिका असल्याचं कळलं. महाराष्ट्रातला तो पहिला झिका रुग्ण. एकाच गावात, एकाच महिन्यात, जवळपास सारख्याच तक्रारींमागे तीन विषाणू.

म्हणून दिवस मोजणं महत्त्वाचं. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूची एनएस-१ टेस्ट उपयोगी पडते, नंतर आयजीएम. चिकुनगुनियात सांधे जास्त धरतात, हातापायाचे छोटे सांधे सुजतात. आणि डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन टाळायचं, फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यूत या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि स्नायू फुटत असतील तर आधीच ताणलेल्या किडनीवर त्या आणखी भार टाकतात. ‘एक सुई द्या’ या मागणीतली सुई बहुतेक वेळा डायक्लोफिनॅकचीच असते, ही यातली खरी गोची.

लेप्टोकडे मात्र इकडच्या भागात हवं तेवढं लक्ष जात नाही. तो मुंबईचा, कोकणातला आजार अशी समजूत आहे. पण लेप्टोचे जीवाणू उंदरांच्या आणि जनावरांच्या मूत्रातून पाण्यात येतात आणि भेगाळलेल्या पायांतून शरीरात शिरतात. उसाच्या फडात उंदीर असतात, पाटाचं पाणी असतं, गोठा शेजारीच असतो, आणि शेतीची वीज रात्रीची असेल तर माणूस अंधारात अनवाणी बाऱ्याला उभा असतो. यापेक्षा सोयीची जागा जीवाणूला कुठे मिळणार? लेप्टोची खूण म्हणजे पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखतात आणि डोळे लाल होतात, पण त्यांना घाण येत नाही. पहिल्या आठवड्यात रक्ताची आयजीएम टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. त्यामुळे संशय पक्का असेल तर रिपोर्टची वाट न बघता डॉक्टर डॉक्सीसायक्लिनसारखं अँटिबायोटिक सुरू करतात. लघवी कमी झाली किंवा डोळे पिवळे दिसले की दवाखाना बदलून मोठं रुग्णालय गाठायचं.

गोळ्यांची पिशवी घेऊन या

ताप नाही, कष्ट नाहीत, तरी मांड्या आणि दंड दुखतायत. मग डॉक्टर म्हणतात, घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या आणा.

कोलेस्टेरॉलसाठी दिली जाणारी ॲटोर्वास्टॅटिन ही गोळी आज गावागावांत पोहोचली आहे. तिच्यामुळे थोड्या लोकांचे स्नायू दुखतात, गंभीर इजा फार क्वचित होते. पण तिच्यासोबत दुसरं काही आलं की गणित बदलतं. आपल्याकडे गजकर्ण घरोघरी झालंय आणि त्यासाठी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल आठवडेच्या आठवडे चालतात. खोकला बरा होत नाही म्हणून क्लॅरिथ्रोमायसिन दिलं जातं. ही दोन्ही औषधं लिव्हरमधला तोच रस्ता अडवतात जिथून ॲटोर्वास्टॅटिनचा निचरा होतो. मग रोजचीच गोळी, रोजचाच डोस, पण रक्तातलं प्रमाण कित्येक पट. कोलेस्टेरॉलचा डॉक्टर वेगळा, गजकर्णाचा वेगळा, आणि दोन्ही चिठ्ठ्या एका टेबलावर कधी येतच नाहीत. औषध बंद केलं की बहुतेकांचा त्रास हळूहळू ओसरतो, पण हृदयाच्या रुग्णानं हे स्वतःच्या मनानं करायचं नाही.

गुडघेदुखीवर मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांचं प्रकरण वेगळं. त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असेल तर आधी जादू वाटते, नंतर मांड्या वाळत जातात. त्यात दुखत नाही, ताकद जाते आणि सीपीके नॉर्मल असतं. थायरॉइड कमी असेल तर उलट, दुखतंही आणि सीपीकेही वाढतं, म्हणून टीएसएच ही टेस्ट इथं करतातच. दारूचं विचारावं लागतं, जास्त प्यायल्यानंही स्नायू फुटतात. फवारणी केली होती का, हेही विचारायचं. डाळिंब-द्राक्षावर फवारणी करून आलेल्या माणसाचे स्नायू फडफडत असतील, घाम आणि लाळ गळत असेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या असतील तर ती विषबाधा आहे.

कोपीत झोपलेला माणूस

तोडणी कामगार कोपीत जमिनीवर झोपतात. मण्यार रात्री चावते, चावा मुंगीएवढा, सूज नाही, कधी कधी खूणही नाही. पहाटे पोटात दुखतं, अंग दुखतं, घसा धरतो. थोड्या वेळानं पापण्या जड होतात. हंगामात पहाटे आलेल्या अंगदुखीच्या पेशंटला ‘वर बघ’ म्हणून डोळे उघडायला लावणं ही अर्ध्या मिनिटाची तपासणी आहे. पापणी उचलली जात नसेल तर साप दिसला नाही, हे कारण पुरत नाही. सर्पदंशावरची लस लवकर मिळावी लागते.

मूल सकाळी उभंच राहिना

आईबापांचा जीव सगळ्यात जास्त इथं टांगणीला लागतो. सहा-सात वर्षांचं पोर, तीन-चार दिवस सर्दी-ताप होता, ताप उतरला, आणि सकाळी उठून ते चवड्यांवर चालतंय किंवा रांगतंय. पोटऱ्यांना हात लावला की रडतं. हा बहुतेक वेळा विषाणूनंतर येणारा लहान मुलांचा सौम्य मायोसायटिस असतो. फ्लूनंतर जास्त दिसतो, सीपीके वाढतं, आणि पाणी, विश्रांती, पॅरासिटामॉलवर आठवड्याच्या आत पोरगं परत अंगणात असतं. हातोडा मारून गुडघा उडतोय, दुखणं पोटऱ्यांतच आहे, लघवी स्वच्छ आहे, एवढं बघितलं की घाबरायचं कारण सहसा उरत नाही.

पण पाय दुखत नसून लुळा पडला असेल तर नियम वेगळा. १५ वर्षांखालच्या मुलाला अचानक लुळेपणा आला की आरोग्य विभागाला कळवावंच लागतं आणि १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतरानं शौचाचे दोन नमुने घेतले जातात. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला तरी ही पाळत चालू आहे, कारण मुक्त राहिलोय हे त्यावरूनच कळतं.

एकच पाय सुजला असेल

दोन्ही बाजूंना सारखं दुखणं आणि एकाच जागी दुखणं यात जमीन-अस्मानाचा फरक. एकच मांडी लाल, गरम, टणक आणि थंडी वाजून ताप असेल तर स्नायूत पू झालेला असू शकतो. उष्ण प्रदेशांत हा पायोमायोसायटिस जास्त दिसतो, शुगर असलेल्यांत आणखी. सोनोग्राफीत कळतो, पू काढावा लागतो. इंजेक्शनच्या जागी झालेलं गळूही यातच येतं. एकच पोटरी सुजलीय, बाळंतपण किंवा ऑपरेशन नुकतंच झालंय, तर रक्तवाहिनीतली गुठळी आधी वगळायची. अशी पोटरी तेल लावून चोळू नये.

महिनोन्‌महिने वाढत जाणारा अशक्तपणा, पापण्यांवर जांभळट छटा, बोटांच्या सांध्यांवर खवलेदार लाल चट्टे, हे डर्मॅटोमायोसायटिसकडे बोट दाखवतात. तो ‘अचानक’ या खात्यात सहसा येत नाही, आणि त्याचं निदान संधिवाततज्ज्ञाकडेच होतं.

केंद्रातून पुढे कधी?

तपकिरी किंवा कमी झालेली लघवी, वाढत जाणारा अशक्तपणा, गिळायला किंवा श्वासाला त्रास, छातीत धडधड, गुंगी, किंवा ५,००० च्या वरचं सीपीके. यातलं एकही असेल तर १०८ बोलवायची. बारामतीत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय. इंदापूर ते बारामती सुमारे ५० किलोमीटर, बारामती ते पुणे सुमारे १००. एवढ्या वाटेत वेळ जातो, म्हणून सलाईन प्राथमिक केंद्रातच सुरू होणं फार मोलाचं असतं. स्नायू फुटलेल्या माणसाची किडनी वाचवायचा मुख्य उपाय म्हणजे लवकर आणि भरपूर सलाईन, बाकी सगळं त्यानंतर. निघण्याआधी ईसीजी काढला तर पोटॅशियम हृदयापर्यंत पोहोचलंय का याचा अंदाज येतो.

या वाटेवर नातेवाईक हमखास शहाळं पाजतात. अशक्त माणसाला शहाळं चांगलं, हे एरवी बरोबरच. पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि लघवी बंद होत आलेल्या माणसाला नेमकं तेच नको असतं.

सोबतच्या चिठ्ठीवर तीन गोष्टी हव्यात. दुखणं कधी सुरू झालं, शेवटची लघवी किती वाजता आणि कोणत्या रंगाची झाली, आणि कोणत्या गोळ्या-इंजेक्शनं देऊन झाली आहेत. पुढच्या डॉक्टरचा निम्मा तास त्यानं वाचतो.

बरं वाटल्यावरही काम संपत नाही. स्नायूंना नवी इजा थांबली की सीपीके साधारण दीड दिवसात निम्मं होत जातं. ते नॉर्मलच्या जवळ येईपर्यंत आणि लघवी स्वच्छ होईपर्यंत पळणं, बैठका, मोळी उचलणं बंद. सहा आठवड्यांनीही आकडा चढाच राहिला, किंवा थोड्याशा श्रमानं परत तोच त्रास झाला, तर शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. थायरॉइड, गोळ्या, आणि मग घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का, हा प्रश्न. काहींच्या स्नायूंत जन्मतःच साखर किंवा चरबी जाळण्याची यंत्रणा अधू असते, आणि ते पहिल्यांदा कळतं ते एखाद्या भरतीच्या मैदानावर किंवा उसाच्या फडात.